भाताच्या तुसानं विहिरीच्या पाण्यातलं शिसं निघतं का? दोन पोती आणून ठेवलीत

वारणाकाठची_सून

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितेय. आमचं घर मळ्यात आहे, गावापासून दीड किलोमीटर, गावची नळयोजना इथवर येत नाही त्यामुळं प्यायला, सांडायला सगळं विहिरीचंच पाणी. वरच्या अंगाला एमआयडीसी आहे. दोन महिन्यांपूर्वी धाकट्या दिरांनी पाणी तपासायला दिलं होतं, त्याचा रिपोर्ट आला तो बघून पोटात गोळाच आला. शिसं ०.०४ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि बाजूला मर्यादा ०.०१ लिहिलीय. कॅल्शियम ७२, लोह ०.९, टीडीएस (म्हणजे विरघळलेले एकूण क्षार) ६४०. घरात सहा वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी आहे, जाऊबाईंना पाचवा महिना लागलाय.

आता दिरांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितला की केळीच्या सालीनं पाण्यातलं शिसं निघतं, मग दुसरा बघितला त्यात भाताचं तूस होतं, उसाचं चिपाड होतं, शेंगांची टरफलं होती. लगेच राईस मिलमधनं दोन पोती तूस घेऊन आले. बेत असा की निळ्या पिंपात खाली वाळू, मधे तूस, वर कोळसा, आणि त्यातनं गाळून प्यायचं. परवा एका बादलीवर करूनही बघितलं, पण टीडीएस मीटर लावला तर ६४० चा ६६० झाला, कमी व्हायचा तो उलट वाढला, आणि पाण्याला पिवळट झाक आली.

मला विचारायचंय ते असं की हे खरंच होतं का? होत असेल तर किती पाण्याला किती तूस घालायचं, किती दिवसांनी बदलायचं, आणि वापरलेलं तूस शेणखतात टाकलं तर चालेल का? सासूबाई म्हणतात उकळून प्या, काही होत नाही. कृपा करून जाणकारांनी सांगा, लेकरांची काळजी वाटते.

चंचुपात्र

ताई, आधी महत्त्वाचं. उकळू नका. उकळल्यानं जंतू मरतात पण शिसं कुठंही जात नाही, उलट वाफ उडून पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात शिसं जरा दाटच होतं. मुलांसाठी, जाऊबाईंसाठी, प्यायला आणि स्वयंपाकाला दोन्हीला आजपासून दुसरं पाणी आणा, गावात आरओचं पाणी मिळत असेल तर ते. आरओ शिसं चांगलं काढतं. आंघोळ, कपडे, भांडी याला विहिरीचं चालेल, कारण शिसं कातडीतनं फारसं आत जात नाही, जातं ते पोटातनं. शेतीची काळजी करू नका, सिंचनाच्या पाण्यासाठी अन्न आणि कृषी संघटनेनं शिशाची जी मर्यादा सुचवलीय ती ५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, तुमचं पाणी त्याच्या शंभराव्या हिश्श्यातही नाही.

आता तुसाचं. मी एमएस्सीला दोन वर्षं याच तुसावर काम केलंय, त्यामुळं हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि तुमच्या दिरांनी ऐकलं ते खोटं नाही. वनस्पतीच्या कुठल्याही चोथ्यात सेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन असतं, त्याच्यावर आम्लाचे जे गट असतात ते पाण्यातल्या धातूला धरतात, बदल्यात स्वतःजवळचं कॅल्शियम किंवा हायड्रोजन सोडून देतात. म्हणजे ही अदलाबदल आहे. यासाठी पाणी किंचित आंबट, पीएच ५ ते ६ असेल तर शिसं उत्तम धरलं जातं. फार आंबट झालं तर हायड्रोजनच जागा अडवून बसतो.

पण तुमच्या पोत्यातलं तूस तसंच वापरलं तर फार काम करत नाही. मूठभर हातात घेऊन बघा, टोचतं. पाण्यात टाकलं तर कितीतरी वेळ वरच तरंगतं. कारण वरच्या सालीत सिलिका भरलेली असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य, आणि धातूला धरणारे गट त्याच्याखाली झाकलेले. ते उघडायला आम्ही तूस कॉस्टिक सोड्यात भिजवून ठेवायचो, मग ते मऊ पडायचं आणि पाणी कोऱ्या चहासारखं व्हायचं. तो रंग जाईपर्यंत आणि लिटमस कागदाचा रंग बदलायचा थांबेपर्यंत धुवायचं, कधी दहा पाणी, कधी बारा. एक किलो तूस तयार करायला किती पाणी वाया जायचं ते बघून मलाच वाईट वाटायचं. तुमच्या बादलीतली पिवळी झाक आणि वाढलेला टीडीएस हा त्याचाच प्रकार, तुसातलं पोटॅशियम, रंगद्रव्य आणि थोडं सेंद्रिय काहीबाही पाण्यात उतरलं.

आणि हो, टीडीएस मीटरवर शिसं कधीच कळत नाही. तो मीटर पाण्यातनं वीज किती वाहते ते मोजतो. ६४० मिलिग्रॅममधे ०.०४ कुठं दिसणार? शिसं शून्य असलं काय आणि चारपट असलं काय, मीटर तोच आकडा दाखवेल. तुमच्याकडं नेमकी हीच अडचण आहे, तुसाचा फिल्टर चालतोय की दमलाय हे घरात कळायला काहीही मार्ग नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही.

किती तूस लागेल त्याचा हिशोब कागदावर फार सोपा दिसतो आणि तिथंच माणूस फसतो. रोज २० लिटर पाणी धरलं तर त्यात शिसं ०.८ मिलिग्रॅम. तुसानं ग्रॅममागे ५ मिलिग्रॅम धरलं असं म्हटलं तर एका ग्रॅमवर सहा दिवस निघाले, मूठभर तुसात वर्ष काढता येईल. मलेशियातल्या संशोधकांनी २००३ साली टार्टारिक आम्लानं, म्हणजे आपल्या चिंचेत असतं त्या आम्लानं, तूस सुधारून ग्रॅममागे १०८ मिलिग्रॅम शिसं धरलेलं दाखवलंय, मग तर काय. पण हे आकडे येतात ते लिटरला पन्नास-शंभर मिलिग्रॅम शिसं मुद्दाम घातलेल्या स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यात, तूस गच्च भरेपर्यंत. पाण्यात धातू जेवढा विरळ तेवढं तूस कमी धरतं. आणि तुमच्या पाण्यात शिशाच्या अठराशेपट कॅल्शियम आहे, ते पण त्याच जागांवर बसायला बघतं. शिसं जास्त घट्ट धरलं जातं हे खरं, तरी अठराशेला एक म्हणजे गर्दी किती ते बघा.

केळीच्या सालीचा व्हिडिओ बहुतेक २०११ च्या ब्राझीलच्या कामावरनं आला असेल. साओ पावलो राज्य विद्यापीठातल्या लोकांनी पाराना नदीच्या पाण्यातलं तांबं आणि शिसं केळीच्या वाळवलेल्या सालीवर पकडलं आणि तीच साल अकरा वेळा वापरली. पण त्यांचा मूळ हेतू पाणी पिण्याजोगं करायचा नव्हताच, नदीतलं अगदी विरळ शिसं एका जागी गोळा करून ते नीट मोजता यावं म्हणून ती साल वापरली होती. काम फार सुंदर आहे, व्हिडिओत मात्र त्याचं घरगुती फिल्टर होऊन जातं.

तेव्हा पिंप प्यायच्या पाण्याला नको. तूस वाया जाणार नाही, कोरं तूस गोठ्यात वासराखाली अंथरा, छान कोरडं राहतं. शिसं धरलेलं तूस मात्र शेणखतात नाही आणि चुलीत तर अजिबात नाही, जाळलं की शिसं राखेत दाट होतं आणि थोडं धुरात जातं, आणि चुलीपुढं बसणार तुम्हीच.

मळ्यातला_आजा

पोरी, आमच्या लहानपणी पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी यायचं तेव्हा आई निवळीची बी घागरीला आतनं घासायची आणि तासाभरात पाणी काचेसारखं व्हायचं. शेवग्याच्या बिया पण वाटून टाकायचे. ते करून बघ. झाडपाल्यात ताकद असते, आपण विसरलो. आणि तुसाच्या राखेचा फिल्टर तर मोठ्या कंपनीनं पण काढला होता की, मी स्वतः वापरलाय.

चंचुपात्र

काका, निवळीचं अगदी खरं आहे, मी पण आजीकडं बघितलंय. त्या बीमुळं पाण्यातला बारीक गाळ एकमेकाला चिकटून जड होतो आणि तळाला बसतो. गाळाला चिकटलेला धातू त्याच्याबरोबर खाली जातो, पण विहिरीचं पाणी मुळातच नितळ असतं आणि शिसं त्यात विरघळलेलं असतं, त्याला तळाला नेणं निवळीच्या आवाक्यातलं नाही.

तुसाच्या राखेचा फिल्टर तुम्ही म्हणताय तो टाटा स्वच्छ, २००९ च्या डिसेंबरात आला. त्याआधी पुण्यातल्या टीआरडीडीसीत, म्हणजे टाटांच्या संशोधन केंद्रात, तुसाच्या राखेवर 'सुजल' नावाचा फिल्टर बनला होता, त्याचंच पुढचं रूप. विजेशिवाय, नळाच्या दाबाशिवाय गरीब घरात चालावं म्हणून केलेलं फार मोलाचं काम. पण त्याचा रोख जंतूंवर होता, राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असायचे. जड धातूंसाठी तो नव्हता.

वारणाकाठची_सून

मॅडम, काका, तुमचे दोघांचेही मनापासून आभार. कालपासून शाळेजवळच्या आरओवरनं दोन जार आणायला सुरुवात केलीय, सासूबाईंना पण पटलं.

एक सांगायचं राहिलं. आमच्या पाण्याचा चहा काळा होतो, दूध घालायच्या आधी कोरा असतानाच. माहेरी याच पावडरीचा चहा लालसर होतो. हे शिशामुळं का? आणि दीर म्हणतात हे सगळं एमआयडीसीमुळंच आहे, अर्ज करायचा. पण मग शेजारच्या मळ्यातल्या विहिरीचा रिपोर्ट त्यांनी मागच्या वर्षी काढला होता त्यात शिसं नव्हतं, त्यांची विहीर तर एमआयडीसीच्या आणखी जवळ. ते कसं काय?

चंचुपात्र

चहा काळा होतोय तो लोहामुळं. चहातलं टॅनिन लोहाला धरतं आणि काळं होतं, हिरड्यात लोखंडाचा खिळा टाकला की काळी शाई होते ना तेच. शिशानं असा रंग येत नाही. पण वनस्पती धातूला कशी धरते हे तुम्ही रोज सकाळी कपात बघताय. पिंपातल्या तुसात हेच होणार असतं, फक्त डोळ्याला दिसत नाही.

शेजारच्या विहिरीचं वाचून माझ्या मनात वेगळीच शंका आलीय. तुम्ही नमुना कुठनं घेतला होता, विहिरीतनं पोहऱ्यानं का घरातल्या नळाचा? विहीर ते घर पाइप कुठला, कधी टाकला? स्वस्तातल्या पीव्हीसी पाइपात शिशाचं स्टॅबिलायझर घालायचे, आपल्याकडं त्याला आळा घालणारे नियम २०२१ साली आले. पितळी व्हॉल्व, जुने पितळी नळ, जस्त चढवलेले जुने लोखंडी पाइप यातनं पण शिसं सुटतं, विशेषतः रात्रभर पाणी पाइपात तुंबून राहिलं की.

तेव्हा तीन नमुने द्या. एक, सकाळी उठल्याउठल्या नळाचं पहिलं पाणी. दुसरा, तोच नळ दहा मिनिटं सोडून ठेवल्यावर. तिसरा, थेट विहिरीतनं प्लास्टिकच्या बादलीनं काढलेलं. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच घ्या, धातूच्या तपासणीच्या बाटलीत आधीच थोडं नायट्रिक आम्ल घातलेलं असतं, ती विसळायची नाही आणि तोंड हातानं पुसायचं नाही. आम्ल नसेल तर शिसं बाटलीच्या भिंतीलाच चिकटून राहतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. अर्ज जरूर करा, पण हातात हे तीन आकडे घेऊन करा.

आणि मुलांच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून रक्तातलं शिसं तपासायचं का ते विचारा. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलांच्या अंगात शिसं जास्त मुरतं, म्हणून तोवर दूध, नाचणी, पालेभाजी याकडं नीट लक्ष द्या.

जिग_आणि_बाथ

मी इथं सहसा वाचतोच फक्त, पण हा धागा बघून राहवलं नाही. माझा प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचा, छोटा कारखाना आहे, निकेल-क्रोम, वडलांपासूनचा, आठ माणसं. आम्ही ज्या पाण्यात जॉब, म्हणजे मुलामा दिलेले भाग, धुतो त्यात निकेल, क्रोम उतरतं आणि त्याची काळजी मला रात्री पण असते, कारण माझी पण विहीर आहे आणि खालच्या अंगाला माझ्याच चुलत्याचं शेत आहे. वहिनी, तुमच्या पाण्यातलं शिसं कुठनं आलं ते तपासात कळेलच, पण कारखान्यांनी आपल्या दारातच धातू अडवला पाहिजे हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

तूस, चिपाड, काथ्या हे मी करून बघितलंय, पण प्यायच्या पाण्याला नाही, सांडपाण्याला. आमच्याकडं चालतं असं की क्रोमचं पाणी वेगळं घ्यायचं, त्यात आम्ल घालून पीएच अडीचच्या आसपास आणायचा, मेटाबायसल्फाइट टाकायचं की पिवळं-नारिंगी पाणी बघता बघता हिरवं होतं, म्हणजे विषारी क्रोम साध्या क्रोममधे बदललं, मग निकेलच्या पाण्याबरोबर चुना घालून गाळ बसवायचा. आता गोची अशी आहे की क्रोम बसतं साडेआठ पीएचला आणि निकेल नीट बसायला दहाच्या आसपास लागतो, आणि दहाला नेलं तर क्रोम परत थोडं सुटायला लागतं. मधला पीएच धरला की निकेल थोडं राहतंच. माझं निकेल यायचं लिटरला ३.६ मिलिग्रॅम आणि मर्यादा ३. म्हणजे अगदी उंबऱ्यावर अडखळायचं.

मग एका नातेवाइकानं सांगितलं म्हणून गुऱ्हाळावरचं चिपाड आणून पिंपात भरलं. चार दिवसांत ताडीसारखा वास सुटला, पाचव्या दिवशी बुळबुळीत लगदा, पाणी खाली उतरेना, चिपाडात साखर राहिलेली असते ती आंबली. सगळं उपसायला दोन माणसं लागली. आणि चिपाड आता फुकट पण कोण देत नाही, बॉयलरला जातं, त्याला भाव आहे. मग कोकणातनं काथ्या आणला, नारळाच्या सोडणाचा, तो मात्र कुजला नाही. पंधरा किलो काथ्या आधी साध्या पाण्यात तांबडा रंग जाईपर्यंत धुतला, मग रात्रभर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवला, परत धुतला. दोन पिंपं एकामागे एक जोडली, पाणी खालनं वर जाईल असं, वरनं खाली सोडलं तर ते एकाच बाजूनं वाट काढून पळतं. चुन्यानंतर पाणी निवळून, कापडातनं गाळून, पीएच सातच्या खाली आणून मग काथ्यात सोडायचं, नाहीतरी बाहेर सोडताना पीएच नऊच्या आत आणावाच लागतो. कापडातनं गाळायचं विसरलो तर गाळाचा हिरवट चिखल काथ्याला बसतो आणि दोन दिवसांत पिंप तुंबतं, एकदा झालंय.

रोज १२०० लिटर पाणी जातं. पहिल्या आठवड्यात ३.६ चं ०.७ आलं, चौदाव्या दिवशी १.९ झालं, तेव्हा काथ्या बदलला. काढलेला काथ्या पोत्यात भरून चुन्याच्या गाळाबरोबर घातक कचऱ्यातच देतो, वजनावर पैसे जातात, ते जातातच.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय या कशातच नाही. जॉब बाथमधनं, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणातनं, वर काढल्यावर दहा-पंधरा सेकंद बाथवरच टांगून ठेवला की थेंब बाथमधे परत पडतात. पोरांना घाई असते, पण जेवढं निकेल बाथमधे परत गेलं तेवढं पाण्यात गेलंच नाही, आणि निकेल स्वस्त नाही.

चंचुपात्र

दादा, हे वाचून फार आनंद झाला. आमच्याकडं कोनिकल फ्लास्कमधे जे चालायचं ते तुम्ही पिंपात चालवून दाखवलंत.

तुमच्या आकड्यांवरनं मी हिशोब केला. ३.६ येतं आणि सरासरी १.२ जातं असं धरलं तर लिटरला २.४ मिलिग्रॅम अडलं, १२०० लिटरला २.९ ग्रॅम, चौदा दिवसांत ४० ग्रॅम निकेल. पंधरा किलो काथ्यावर म्हणजे ग्रॅममागे २.७ मिलिग्रॅम. शोधनिबंधांत याच्या कितीतरी पट आकडे असतात, पण खऱ्या पाण्यात, चुन्याचं कॅल्शियम मिसळलेलं असताना, २.७ हा आकडा मला प्रामाणिक वाटतो. आणि तुम्ही काथ्या बरोबर ठिकाणी बसवलाय, चुन्याच्या नंतर. चुन्याशिवाय सगळा भार काथ्यावर टाकला असता तर, समजा ३० मिलिग्रॅमचं पाणी असतं, रोजचे ३६ ग्रॅम निकेल, रोज तेरा किलो काथ्या. महिन्याला पोत्यांचा डोंगर, आणि तो सगळा घातक कचरा. उरलंसुरलं टिपायला मात्र हे छान आहे.

एक करून बघा. दमलेला काथ्या टाकायच्या आधी हलक्या हायड्रोक्लोरिक आम्लात, साधारण दशांश नॉर्मल, तासभर ठेवा. हायड्रोजन आत जातो आणि निकेल बाहेर येतं. ते हिरवट आम्लपाणी परत चुन्याच्या टाकीत सोडा, काथ्या धुऊन पुन्हा सोड्यात ठेवून वापरा. दर खेपेला ताकद थोडी घटते, पण तीन-चार वेळा तरी चालावा. म्हणजे निकेल सगळं एकाच गाळात जाईल आणि घातक कचऱ्याचं वजन कमी होईल. हातमोजे, चष्मा घालून.

आणि क्रोमबद्दल एक. पिवळं क्रोम तूस किंवा लाकडाच्या भुशावर वेगळ्याच तऱ्हेनं जातं. ते ऋणभाराचं असतं, म्हणून त्याला पीएच २ च्या आसपास लागतो, आणि तिथं भुसा त्याला नुसता धरत नाही तर स्वतः जळल्यासारखा होऊन त्याचं साध्या क्रोममधे रूपांतर करतो. मी बाभळीचा भुसा घातला होता, संध्याकाळी पिवळा फ्लास्क ठेवून गेले, सकाळी पाणी जवळजवळ पांढरं, इतका आनंद मला डिग्री मिळाली तेव्हा पण झाला नव्हता. पण तयार झालेलं साधं क्रोम थोडं पाण्यातच राहतं, ते मोजायचं लोक विसरतात. रंग गेला म्हणजे क्रोम गेलं असं धरायचं नाही.

पऱ्हाटीवाला_यवतमाळ

आमच्याकडे विदर्भात कापसाच्या पऱ्हाट्या शेतातच जाळतात, ढीगच्या ढीग. अन् पाण्यात फ्लोराइड आहे, लोकांचे दात पिवळे पडले, म्हाताऱ्यांची हाडं वाकली. तर पऱ्हाट्याचा भुसा करून फ्लोराइड निघन का?

चंचुपात्र

भाऊ, नुसत्या भुश्यानं नाही. फ्लोराइड ऋणभाराचं असतं आणि भुश्यावरचे गट पण ऋणभाराचे, एकमेकांना लांब ढकलतात. नायट्रेटचं पण तसंच. आर्सेनिकसाठी भुश्यावर लोहाचा लेप द्यावा लागतो, फ्लोराइडसाठी ॲल्युमिनाचं माध्यम वापरतात. पऱ्हाटीचा कोळसा करून जमिनीत घातलात तर तो मात्र जाळण्यापेक्षा किती तरी चांगला उपयोग.

वारणाकाठची_सून

मंडळी, रिपोर्ट आले. सकाळचं पहिलं पाणी ०.०५, दहा मिनिटं सोडल्यावर ०.०२, आणि विहिरीतलं थेट ०.०१२. म्हणजे मॅडम म्हणाल्या तसंच, बरंचसं पाइपातलंच. २०१९ ला विहिरीपासनं घरापर्यंत तीनशे फूट नवा पाइप टाकला होता, तालुक्याच्या दुकानातनं स्वस्तातला, वरती शिक्का पण नव्हता, आणि पंपाचा पितळी व्हॉल्व सासऱ्यांच्या वेळचा. दिरांनी दोन्ही बदलायला काढलेत, या वेळी शिक्का आणि शिसं नसलेला असं लिहिलेलं बघूनच घेणार. पण विहिरीचं ०.०१२ पण मर्यादेच्या थोडं वरच आहे, म्हणून प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात तिन्ही रिपोर्ट जोडून अर्ज दिलाय, पावसाळ्यानंतर परत तपासू. प्यायला आरओचंच. डॉक्टरांनी दोन्ही मुलांचं आणि जाऊबाईंचं रक्त घ्यायला लावलंय, सोमवारी कळेल.

जिग-बाथवाले दादा, एक विचारते, तुम्हाला काथ्या कोकणातनं आणावा लागतो, त्यापेक्षा तूस जवळ पडेल ना? तुमचं चुन्यानंतरचं पाणी आणि मॅडमनी सांगितलेला कॉस्टिकचा उपाय असं करून बघता येईल का?

जिग_आणि_बाथ

वहिनी, मुलांचा रिपोर्ट आला की नक्की कळवा, मनात राहील. तूस बघायला मी तयार आहे, कॉस्टिक माझ्याकडं असतंच, आणि धुतलेलं पाणी टाकीतच जाईल. एका पिंपात काथ्या, एका पिंपात तूस, पाणी तेच, दोन्हीचं निकेल रोज मोजून इथं टाकतो. आम्लात धुवायचं पण दोन्हीला करून बघतो.

वारणाकाठची_सून

एक पोतं वासराखाली अंथरलंय. दुसरं तोंड शिवून सोप्यात ठेवलंय, दीर रविवारी बाजाराला येतील तेव्हा घेऊन येतील. कुठं टाकायचं तेवढं मेसेज करा.